विकत घेतलेला खेळ कोणाचा?

एकाच वस्तूला दोन मुलखांत दोन भाव असतात, ही गोष्ट गेवराई तालुक्यातील जुन्या माणसांना कोणी शिकवावयास नको. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता तोवर येथे हाली सिक्का चालत असे आणि पश्चिमेला नगर जिल्ह्याची हद्द ओलांडली की कलदार रुपया सुरू होई. सहा कलदारांना साधारणतः सात हाली, असा हिशेब धरूनच व्यवहार ठरत. शिवाय सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होतेच. पोलिस कारवाईनंतर, १९५० च्या दशकात, हाली सिक्का चलनातून गेला. पुढे १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा ज्या हंगामात शेजारच्या राज्यांत भाव चढा असे त्या हंगामात रात्रीच्या ट्रकांतून कापूस सरहद्दीपलीकडे जाऊ लागला. नाके, गस्त, जप्ती हे सारे उपाय झाले. पण भावातील फरक जोवर टिकला तोवर तो पाझरही टिकला.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, आज गेवराईतील शाळा-महाविद्यालयांत शिकणारी मुले ज्या बाजारात खरेदी करू लागली आहेत त्या बाजारातील मालाला वजन नाही, पोते नाही आणि तो कोणत्याही नाक्यावरून जात नाही. तरीही त्याचा भाव देशागणिक वेगळा आहे. संगणकावर खेळावयाचे डावपेचांचे खेळ मिळविण्यासाठी आता दुकानातून तबकडी आणावी लागत नाही. इंटरनेटवरील दुकानात पैसे भरावयाचे, खेळ डाउनलोड करून घ्यावयाचा आणि संगणकावर बसवावयाचा, एवढेच उरले आहे. या खरेदीत भाव कोण ठरवितो, कोणत्या न्यायाने ठरवितो आणि पैसे मोजल्यावर ग्राहकाच्या पदरात नेमके काय पडते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. पालक त्याकडे पोरखेळ म्हणून पाहतात आणि मुलांना खेळावयाची घाई असते. त्यामुळे करारनाम्याखालील ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी तो वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

डावपेचांचा खेळ म्हणजे काय, हे समजावून घेण्यासाठी गेवराईच्या वाचकाला दूर जावे लागणार नाही. याच तालुक्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामअलीचा पराभव केला. माधवरावांचे वय त्या वेळी अवघे अठरा होते. निजामअली फौजेचा एक भाग घेऊन नदीपलीकडे गेला होता. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी अलीकडच्या तीरावर राहिला होता आणि मराठे त्याच्यावर तुटून पडले. विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि मधे नदी असल्यामुळे निजामअलीला त्याच्या मदतीस येता आले नाही. कोणाची फौज मोठी, एवढ्यावर त्या दिवसाचा निकाल लागला नाही. नदीला पाणी किती, उतार कोठे, पलीकडची मदत अलीकडे पोहोचण्यास किती वेळ लागेल, आणि नागपूरकर जानोजी भोसले ऐन वेळी कोणाच्या बाजूला असतील, या प्रश्नांच्या उत्तरांवर तो लागला. संगणकावरील डावपेचांचे खेळ खेळणाऱ्यापुढे असेच प्रश्न टाकतात. खजिन्यात पैसा किती, धान्य किती दिवस पुरेल, शेजाऱ्याशी तह करावा की लढावे, हे ठरविण्यातच तासन्‌तास जातात; प्रत्यक्ष लढाई त्या मानाने लवकर आटोपते.

इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेने मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळात अठराव्या शतकातील ज्या सत्ता खेळणाऱ्यास स्वतः चालविता येतात त्यांत मराठ्यांची सत्ता आहे. खेळाचा आरंभ १७०० मध्ये होतो. म्हणजे राक्षसभुवनाचे साल त्याच्या कक्षेत येते. मराठी मुलांना या खेळाचे अप्रूप वाटले तर नवल नाही. परंतु या खेळाची आणखी एक बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तो पेटीत घातलेल्या तबकडीच्या रूपानेही विकला जात असे. मात्र तबकडी संगणकात घालून भागत नसे. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टीम’ या सेवेत खाते उघडून, तेथून परवानगी घेतल्यावरच खेळ चालू होई. व्हॉल्व्हचे ठाणे वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथे आहे. तेव्हा साताऱ्याची फौज हलविण्यापूर्वी बेलव्ह्यूची आज्ञा घ्यावी लागे, असे म्हणावयास हरकत नाही. पेटीचे पैसे दुकानदाराला मोजून झाले होते, तबकडी हातात होती, तरीही चावी दुसऱ्याकडे होती. पुढे तबकडीही गेली आणि चावी तेवढी राहिली.

आता भावाचा प्रश्न. नोव्हेंबर २०१५ पर्यंत स्टीमवर भारतीय ग्राहकाला डॉलरमध्येच पैसे भरावे लागत. परदेशी व्यवहार चालणारे कार्ड ज्याच्याकडे असेल त्यालाच ते शक्य होते आणि त्यावर बँकेचा चलनबदलाचा आकार वेगळा पडे. त्या महिन्यात रुपयातील किमती सुरू झाल्या. त्या नुसत्या विनिमयदराने बदललेल्या किमती नसतात. प्रत्येक देशासाठी किती भाव ठेवावा याची शिफारस दुकान करते आणि अखेरचा आकडा खेळाचा प्रकाशक ठरवितो. बेल्जियममधील लॅरियन या संस्थेचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. तो निव्वळ डावपेचांचा खेळ नसला, तरी त्यातील लढाया बुद्धिबळासारख्या पाळीपाळीने, विचार करून खेळावयाच्या आहेत. त्याची अमेरिकेतील किंमत ५९.९९ डॉलर होती. त्या वेळच्या दराने सुमारे पाच हजार रुपये. भारतात तो २,९९९ रुपयांना लागला. म्हणजे आपल्याला चाळीस टक्के सूट मिळाली, असे प्रथमदर्शनी दिसते.

पण हा हिशेब अर्धाच झाला. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने ठरलेले किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. तेवढ्यावर राबणाऱ्या माणसाला हा खेळ सव्वाआठ तासांच्या कमाईत मिळतो. २०२३-२४ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. त्या दराने त्याच खेळासाठी अकरा दिवस खपावे लागे. ज्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला घराबाहेर पडतात, त्या जिल्ह्यात हा आकडा निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. रुपयातील किंमत ही कोणी केलेली मेहेरबानी आहे, असा समज असेल तर तो या हिशेबासमोर टिकत नाही. सवलत जमेस धरूनही गेवराईच्या मुलाला तो खेळ अमेरिकन मुलापेक्षा कितीतरी महाग पडतो.

विक्रेता तरी असे का करतो? पहिली प्रत तयार करावयास कोट्यवधींचा खर्च येतो, पण त्यानंतरची प्रत्येक प्रत जवळजवळ फुकट निघते. अशा मालाच्या बाबतीत, जो पाच हजार देऊ शकत नाही त्याच्याकडून पाचशे मिळाले तरी तो निव्वळ लाभच असतो. पाच हजारच हवेत असा हट्ट धरला तर गिऱ्हाईक चोरीच्या प्रतीकडे वळते, आणि आपल्याकडे अनेक वर्षे ते तिकडेच वळले होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून निघालेल्या तबकड्या मराठवाड्यातील तालुक्याच्या गावीही पोहोचत. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब नेवेल यांनी २०११ मध्येच असे मत मांडले होते की, नकली प्रतींचा प्रश्न मुख्यतः किमतीचा नसून सेवेचा आहे. ज्या रशियात कोणी पैसे मोजून खेळ घेणार नाही असे सांगितले जात होते तेथेच त्यांचा मोठा बाजार उभा राहिला. मला हे मत निम्मेच पटते. सेवा कितीही चांगली असली, तरी अकरा दिवसांची मजुरी ही अकरा दिवसांची मजुरीच राहते.

मुलखागणिक किंमत ही कल्पना शिक्षकवर्गाला नवी नाही. ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने निघणारी ईएलबीएसची स्वस्त पाठ्यपुस्तके वापरून आपल्याकडील डॉक्टर-इंजिनियरांच्या दोन पिढ्या शिकल्या. आजही परदेशी पाठ्यपुस्तकांच्या भारतीय आवृत्त्यांवर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशा अर्थाची सूचना छापलेली असते. या सूचनेचे बळ किती, याचा कस अमेरिकेत लागला. सुपाप कर्टसेंग हा थायलंडचा विद्यार्थी अमेरिकेत शिकत असताना नातलगांकडून थायलंडमधील स्वस्त आवृत्त्या मागवून तेथे विकत असे. वायली या प्रकाशनसंस्थेने त्याच्यावर खटला भरला. खालच्या न्यायालयात सहा लाख डॉलरांचा निकाल त्याच्याविरुद्ध गेला. परंतु १९ मार्च २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो उलटविला. कायदेशीरपणे छापलेले पुस्तक एकदा विकत घेतले की ते पुन्हा विकण्याचा हक्क घेणाऱ्याचा, मग ते कोणत्याही देशात छापलेले असो, असा तो निर्णय होता.

येथे पुस्तक आणि डाउनलोड केलेला खेळ यांच्या वाटा फुटतात. पुस्तक ही वस्तू आहे. तिच्यावर काहीही छापले तरी ती हातोहात जाऊ शकते. डाउनलोड केलेल्या खेळाबाबत विक्रेता वस्तू देतच नाही. तो वापरण्याचा परवाना देतो, आणि परवान्यात कोणतीही अट घालता येते. हा परवाना अमुक देशातच चालेल, अमुक खात्यावरच चालेल, दुसऱ्यास देता येणार नाही. कर्टसेंगला जे करता आले ते गेवराईच्या मुलाला करता येणार नाही. स्वस्त भाव आणि कुलूप ही एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत. दोन्हींचा विचार एकत्र केल्याशिवाय या प्रश्नात न्याय-अन्याय ठरविता येत नाही, असे माझे मत आहे.

कुलूप आले की किल्ल्या बनविणारेही आले. आपला संगणक दुसऱ्याच देशात आहे असे भासविण्याची सोय व्हीपीएन या नावाने मिळते. तिच्या आधारे श्रीमंत देशांतील लोकांनी अर्जेंटिना आणि तुर्कस्तान यांचे खोटे पत्ते देऊन तेथील स्वस्त भावाने खेळ घेण्याचा सपाटा लावला होता. २०२१ मध्ये व्हॉल्व्हने खात्यावरील देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल असे बंधन घातले. नोव्हेंबर २०२३ मध्ये या दोन्ही देशांच्या चलनांतील किमतीच रद्द झाल्या आणि तेथील ग्राहकांना डॉलरमध्ये पैसे भरणे भाग पडले. कंपनीने कारण दिले ते त्या चलनांच्या घसरणीचे, आणि ते खोटे नव्हते. तथापि ब्यूनोस आयर्सच्या विद्यार्थ्याला एका रात्रीत अनेक खेळ कित्येक पटींनी महाग झाले, हे सत्य त्या कारणाने बदलत नाही. आपल्याकडेही काही हुशार मुले ‘अमुक देशात आणखी स्वस्त आहे’ म्हणून ही वाट धरतात, किंवा परवान्याच्या किल्ल्या विकणाऱ्या कोठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावर पैसे भरतात. खाते बंद पडले तर त्यावरील आजवरची सारी खरेदी अडकते, आणि ‘मी पत्ता खोटा दिला होता’ असे सांगून दाद कोणाकडे मागणार? तेव्हा रुपयातील किंमत टिकावी असे वाटत असेल, तर ती फोडण्याच्या युक्त्यांचे कौतुक आपण तरी करू नये.

युरोपने याच प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले आहे, हेही नमूद केले पाहिजे. पोलंड, हंगेरी, रुमानिया अशा तुलनेने स्वस्ताईच्या देशांत घेतलेले खेळ पश्चिम युरोपात चालू नयेत अशी कुलपे घातल्याबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशक यांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील न्यायालयाने व्हॉल्व्हचे अपील फेटाळले. एकच बाजारपेठ म्हणवून घेणाऱ्या देशसमूहात आतील कुंपणे चालणार नाहीत, हे तर्कशुद्धच आहे. परंतु कुंपण निघाले की प्रकाशक वॉर्सातील भाव बर्लिनच्या पातळीवर नेण्याचा विचार करणार, हेही तितकेच उघड आहे. भारताला हे औषध लागू पडेल असे वाटत नाही. आपली बाजू अशी असावयास हवी की भावातील फरक राहू द्या, पण तो कशाच्या आधारे ठरला ते लपवू नका.

भाव ठरविणाऱ्यांवर ग्राहकांचा दाब चालतच नाही, असे मात्र नाही. डावपेचांच्या खेळांत ज्या स्वीडिश कंपनीचे नाव प्रथम घेतले जाते, त्या पॅराडॉक्सने २०१७ च्या मे महिन्यात अनेक देशांतील किमती एकाएकी वाढविल्या. त्या त्या देशातील लोकांच्या क्रयशक्तीशी भाव जुळवावयाचे आहेत, असे तिचे म्हणणे होते. खेळणाऱ्यांनी दुकानाच्या पानांवर प्रतिकूल अभिप्रायांचा पाऊस पाडला आणि पुढच्या काही आठवड्यांत कंपनीने वाढ मागे घेतली. याच कंपनीच्या खेळांवरून दुसरीही एक गोष्ट ध्यानात येते. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा तिचा खेळ २०१३ मध्ये आला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे त्याच्या पुरवण्या निघत राहिल्या, प्रत्येकीची किंमत निराळी. मूळ खेळ सवलतीत स्वस्तात मिळतो, पण पुरवण्यांची बेरीज केली तर डोळे पांढरे होतात. दिवाळी अंक घ्यावा आणि शेवटचे प्रकरण वेगळ्या पैशांनी मिळेल असे संपादकांनी कळवावे, तशातला हा प्रकार आहे. सुदैवाने या जातीचे खेळ लवकर शिळे होत नाहीत. पाच वर्षांपूर्वीचा चांगला खेळ आजही तितकाच खेळावासा वाटतो, आणि उन्हाळ्यातील व वर्षअखेरीच्या सवलतींत तो मूळ भावाच्या चौथाईतही मिळू शकतो. ज्याला थांबता येते त्याला हा बाजार पुष्कळच सुसह्य आहे.

आता परवान्याचा अर्थ थोडा तपशिलाने पाहू. जमिनीचे खरेदीखत झाले की सात-बाऱ्यावर नाव चढते. येथे पूर्ण रक्कम मोजूनही नाव चढत नाही. खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मृत्युपत्राने वारसालाही देता येत नाही, असा खुलासा व्हॉल्व्हकडून २०२४ मध्ये झाला. यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालतच नसल्यामुळे, ज्यांनी पैसे देऊन तो घेतला होता त्यांच्या हातीही काही राहिले नाही. त्यातून युरोपात चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२५ पासून असे बंधन घातले की, ग्राहकाला केवळ परवाना मिळणार असेल तर ते खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगावे; अन्यथा ‘विकत घ्या’ हे शब्द वापरू नयेत. कायदा लागू होण्यापूर्वीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीमवर पैसे भरण्याच्या पानावर तशी एक ओळ झळकली. सार्वजनिक ग्रंथालयाने एकदा विकत घेतलेले पुस्तक पन्नास वर्षे शेकडो हातांत फिरते. या खेळांची तशी देवघेव करावयाची म्हटली तर परवाना आड येतो, आणि ग्रंथपालाने त्याबाबत काय करावे याचे उत्तर १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात असणे शक्य नव्हते.

पैसे भरण्यापासून खेळ चालू होईपर्यंतचा मार्गही तालुक्याच्या गावी सरळ नाही. पहिली अडचण कार्डाची. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार, त्या वर्षीच्या १६ मार्चनंतर दिलेली नवी कार्डे प्रथम देशातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रे यांच्यापुरतीच चालू असतात. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार खातेदाराने स्वतः सुरू करावयाचे असतात. वडिलांचे कार्ड चालले नाही म्हणून मुलगा चार वेळा प्रयत्न करतो आणि शेवटी दुकानाला दोष देतो, यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. दुसरी अडचण आकारमानाची. सोळाशे-सतराशे पानांची कादंबरी काही एमबींत मावते. मोठा खेळ तीस जीबींपासून शंभर जीबींच्या वरपर्यंत जातो. ज्याच्या घरी केबलचे इंटरनेट नाही आणि मोबाइलच्या रिचार्जमध्ये दिवसाला दोन जीबी मिळतात, त्याला तीस जीबींचा खेळ डाउनलोड करण्यास, फोन दुसऱ्या कशासाठी न वापरता, पंधरा दिवस लागतील. वीज मध्येच गेली तरी झालेले काम वाया जात नाही. खेळ लहान लहान तुकड्यांत येतो, प्रत्येक तुकडा तपासून घेतला जातो आणि जेथे थांबला तेथून पुढे सुरू होतो. परंतु हे तुकडे दाबून बांधलेले असतात. ते उलगडून बसविण्यास मूळ आकाराहून अधिक जागा लागू शकते, आणि जुन्या संगणकावर डाउनलोड पूर्ण झाल्यानंतरही डिस्क बराच वेळ घरघरत राहते ती यामुळेच.

एका गल्लीत दोघांनी तोच खेळ घेतला असेल, तर दोघांनी दोनदा तीस जीबी ओढण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२३ पासून स्टीमवर एकाच जाळ्यातील एका संगणकावरून दुसऱ्यावर खेळ नेण्याची सोय आहे. परवाना मात्र दोघांचा वेगवेगळा हवा. खेळ न आवडल्यास पैसे परत मिळतात, पण खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेले असेल तर. येथे डावपेचांच्या खेळाचा स्वभाव आडवा येतो. अशा खेळाचे नियम समजण्यातच दोन तास निघून जातात, आणि पंधरा दिवस डाउनलोड करण्यात गेले असतील तर चौदा दिवसांची मुदत पहिली चाल खेळण्यापूर्वीच उलटून जाते. अटलांटिकच्या पलीकडे बसून हा नियम करणाऱ्यांच्या मनात गेवराईचा ग्राहक नव्हता, हे उघड आहे.

‘मग हे खेळ घ्यावेतच कशाला?’ असे काही शिक्षक विचारतील. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांनी कुटुंबे उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या वाचल्यावर हा प्रश्न गैर नाही. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळण्यावर. एकदा किंमत देऊन घेतलेला आणि पणाला काही न लावता खेळावयाचा खेळ त्या बंदीत येत नाही. ज्या शाळेला एवढाही खर्च परवडत नाही, तिने ‘झिरो ए.डी.’ हा खेळ पाहावा. तो जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून तयार केला आहे. प्राचीन काळच्या सत्तांत मौर्यांचाही त्यात समावेश आहे, आणि तो फुकट, कितीही संगणकांवर, पेनड्राइव्हवरून नेऊन, कायदेशीरपणे बसविता येतो. पोलंडमधून चालणाऱ्या ‘गॉग’ या दुकानातून घेतलेल्या खेळाची इन्स्टॉलर फाइल स्वतःजवळ जपून ठेवता येते, आणि ती चालविण्यास कोणाची परवानगी लागत नाही. परवान्याचा करारनामा तेथेही असतोच, पण किल्ली आपल्या खिशात राहते. किल्ली दिल्याने धंदा बुडतो, असा कांगावा करणाऱ्यांना २००८ पासून चालत आलेल्या या दुकानाचा दाखला देता येईल.

राहता राहिला कायद्याचा आधार. दुकानातल्या पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते; येथे पाकीटच नसल्यामुळे ती छापावयाची कोठे, हा प्रश्नच उद्‌भवत नाही. व्हॉल्व्हने सप्टेंबर २०२४ मध्ये करारनामा बदलून वाद वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीच्या न्यायालयांत न्यावेत असे कलम घातले. गेवराईहून ते अंतर कोणाला झेपणार? पण आपला कायदा एवढा दुबळा नाही. २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल मालालाही लागू आहेत, आणि भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी दुकानांनाही. त्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमावा, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा, असे त्यात म्हटले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली. म्हणजे गेवराईकरासाठी बीड. परदेशी कंपनीवर निकालाची अंमलबजावणी करणे सोपे नाही, हे कबूल केले पाहिजे. कॅलिफोर्नियाप्रमाणे ‘परवाना’ हा शब्द खरेदीच्या बटणाजवळ लिहिण्याची सक्ती केंद्र सरकारने नियमांत घातली, आणि खेळ डाउनलोड पूर्ण झाल्यापासून परतीची मुदत मोजावी असे एक वाक्य जोडले, तर निम्मी भांडणे उभीच राहणार नाहीत.

तोवर ज्याचे पैसे कापले गेले आणि खेळ मिळाला नाही, त्याने खरेदीच्या पानाचे छायाचित्र, ईमेलवर आलेली पावती आणि यूपीआयचा किंवा बँकेचा व्यवहार क्रमांक एवढे जपून ठेवावे आणि प्रथम दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. महिनाभरात उत्तर आले नाही तर १९१५ या क्रमांकावरील राष्ट्रीय ग्राहक मदतकेंद्राकडे, आणि तेथेही काम न झाल्यास बीडच्या आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल करता येते. करारनाम्यातील अटच अन्याय्य आहे असे म्हणणे असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागेल. त्याचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे शुल्क लागत नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.